एका खुर्चीवर दोन नावं

सुपडूनानांनी माझी मुलाखत घेतली तेव्हा एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला, पडद्यावर एक फॉर्म उघडून दिला आणि म्हणाले, "अक्का, समजा तुम्ही सकाळपासून रांगेत उभ्या आहात. ऊन तापलंय, आणि हे यंत्र काही ऐकत नाही. आता भरा फॉर्म." मी भरला. 'नोंद करा' असं लिहिलेलं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. मग मला खरोखरच राग आला आणि मी ते दाबतच सुटले. नाना तोवर खुर्ची वळवून स्वतःच्या पडद्याकडे बघत होते. तिथे माझा प्रत्येक दाब एकाखाली एक ओळीत उतरत होता.

"नऊ वेळा," ते म्हणाले. "उद्यापासून या."

जळगावात रिंग रोडला, ठिबकच्या नळ्यांच्या दुकानाच्या वर, आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. मालक किशोरभाऊ. आम्ही लहान दवाखान्यांसाठी, शीतगृहांसाठी, जिनिंगसाठी ब्राउझरवर चालणारे प्रोग्रॅम करायचो. त्याआधी मी सोळा वर्षं एका जिनिंगच्या ऑफिसात टायपिंग केलेलं. प्रोग्रॅम कसा लिहितात हे मला येत नव्हतं आणि आजही येत नाही. माझं काम मोडतोडीचं. नाना प्रोग्रॅम लिहायचे, मी तो वापरून वापरून कुठे मोडतो ते बघायचं आणि टेस्टिंगच्या वहीत लिहायचं.

नाना धुळ्याकडच्या एका खेड्यातले. किशोरभाऊंनी त्यांच्यासाठी 'एस. डी. पाटील' अशी कार्डं छापून आणली होती. नाना त्यांवर चहाचा कप ठेवायचे. कोणी नाव विचारलं की सरळ सांगायचे, "सुपडू. माझ्या आधीची दोन जगली नाहीत, म्हणून मला जन्मल्याबरोबर सुपात घातलं. यमाला वाटलं, कचराच आहे." बोलायचे आमच्यासारखंच, ऑफिसातलं मराठी. फार खूश झाले किंवा फार घाबरले की अहिराणीवर यायचे. त्यामुळे काय चाललंय ते आम्हाला शब्दांवरूनच कळायचं.

त्यांचा एक नाद होता. बटण दाबणारी माणसं बघत उभं राहायचं. बसस्टँडवरची आरक्षणाची खिडकी, एटीएम, दवाखान्याची लिफ्ट, कुठेही. एकदा सिव्हिलमध्ये कोणाला तरी बघायला आम्ही दोघं गेलो, तर हे पंधरा मिनिटं लिफ्टपाशीच. "त्या बाईनं किती वेळा दाबलं पाहिलंत? सहा. बटण पेटलेलं आहे, लिफ्ट खाली येतेय, तरी सहा." मी म्हटलं, "नाना, आत पेशंट वाट बघतोय." तर म्हणाले, "माणूस बटण एकदाच दाबतो असं ज्याला वाटतं, त्यानं प्रोग्रॅम लिहू नयेत. लग्नाच्या पत्रिका लिहाव्यात."

ते लिस्प नावाच्या भाषेत लिहायचे. फार जुनी भाषा, आणि दिसायला सगळी कंसांनी भरलेली. आमच्याकडे येऊन-जाऊन असलेली तरुण पोरं तिला हसायची. "नानांची भाषा नानांना आणि देवाला कळते," असं एकजण म्हणाला तेव्हा नाना म्हणाले, "देवाचं नक्की नाही." पण त्या भाषेची एक गोष्ट त्यांना जिवापेक्षा प्रिय होती. चालू असलेला प्रोग्रॅम बंद न करता आतून दुरुस्त करता यायचा. ते जळगावात बसून धुळ्याच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरला जोडून घ्यायचे, आतला एक तुकडा काढून तिथे नवा बसवायचे, आणि तिकडे काउंटरवरच्या मुलीला पत्ताही लागत नसे. "गाडी चालतेय, बैल चालतायत, आणि आपण चाक बदलतोय," असं म्हणायचे. मला हे कधी आवडलं नाही. कोणी कधी काय बदललं याचा मागमूस राहत नसे. मी तसं वहीत लिहिलंही होतं. नानांनी खाली 'वाचले' अशी सही केली होती.

त्यांची सगळ्यात मोठी करामत म्हणजे त्या घाईच्या माणसाचा बंदोबस्त. ब्राउझरमधला प्रत्येक दाब सर्व्हरकडे जातो आणि तिथे तो वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे कामाच्या वेगळ्या धाग्यावर, चालतो, सगळे थ्रेड एकाच वेळी धावत असतात. मला हे त्यांनी पंगतीवरून समजावलं. "पंगतीत एकानं तीनदा 'भाजी, भाजी, भाजी' म्हटलं, आणि दर हाकेला वेगळा वाढपी धावला, तर काय होईल?"

"पान भरून सांडेल."

"म्हणून मी एका माणसामागे एकच वाढपी ठेवलाय. पहिलं वाढून झालं की दुसरं. तोवर त्या माणसाच्या बाकीच्या हाकांना कुलूप." त्यांनी खरंच तसं केलं होतं. आमच्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये कोणी चिडून वीस वेळा बटण दाबलं तरी नोंद एकच व्हायची. मी त्यांच्यासमोर दाबून दाबून थकले होते. एवढं अभिमानानं ते दुसऱ्या कशाबद्दल बोलत नसत.

आता मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय नाना पुरते कळायचे नाहीत.

धुळ्याच्या एका डायलिसिस सेंटरसाठी आम्ही प्रोग्रॅम केला. आठ मशीन, आठ खुर्च्या, दिवसाला तीन पाळ्या. काउंटरवरून मुलगी खुर्ची नेमून द्यायची, आणि रुग्णाच्या घरच्यांना मोबाइलवरूनही रिकामी खुर्ची धरता यायची. ते सुरू होण्यापूर्वी मी तपासत होते. एके दिवशी ऑफिस बंद व्हायच्या सुमारास मी दोन फोन घेऊन बसले होते, दोन वेगळ्या नावांनी. दोन्ही अंगठ्यांनी एकच खुर्ची मागितली. दोन्ही फोनवर आलं, 'नोंद झाली.' मी पुन्हा केलं, तर एकावर 'नोंद झाली' आणि दुसऱ्यावर 'खुर्ची रिकामी नाही', म्हणजे जसं यायला हवं तसं. मग मी तीस-चाळीस वेळा केलं. एकदाही दोन्हीकडे आलं नाही. मला वाटलं, मघाशी माझीच गडबड झाली असेल, एकाच नावानं दोन्ही फोन उघडले असतील. मला घरी जायचं होतं. मी वहीत लिहिलं, 'दोष आढळला नाही.' नानांना सांगितलं नाही.

प्रोग्रॅम सुरू झाला. चार-पाच महिने सगळे खूश होते. मग एका सोमवारी सकाळी डॉक्टरांचा फोन आला.

आदल्या आठवड्यात झालं ते असं. पहिल्या पाळीचा एक रुग्ण ऐनवेळी येणार नव्हता, म्हणून सहा नंबरची खुर्ची रिकामी झाली. साक्री तालुक्यातल्या एका निवृत्त एसटी ड्रायव्हरच्या मुलानं ती सकाळी सातला मोबाइलवरून धरली. त्याला 'नोंद झाली' असं दिसलं. तो बापाला जीपमध्ये घालून निघाला. पोचला तर काउंटरच्या यादीत सहा नंबरसमोर भलत्याच बाईचं नाव. वैशाली नावाची मुलगी काउंटरवर होती, तिनं सांगितलं, "काका, तुमचं नाव नाही." मुलानं फोन दाखवला. तिनं यादी दाखवली. तोवर ती बाई खुर्चीवर बसली होती, तिला सुया लागल्याही होत्या. म्हाताऱ्याला दुसऱ्या पाळीपर्यंत बाकावर थांबवलं. अकराच्या सुमारास त्याला दम लागला, आणि चार दिवस तो अतिदक्षता विभागात होता. तो वाचला, हे इथेच सांगून टाकते.

खुर्चीवर बसलेली ती बाई वैशालीच्या गल्लीतली निघाली. तिचं नाव वैशालीनंच काउंटरवरून घातलं होतं. काउंटरवर आधीचं नाव बदलायचं वेगळं बटण होतं, आणि प्रोग्रॅममध्ये खुर्चीसमोर शेवटचं नाव तेवढं राही. त्याआधी कोण होतं याची खूण नाही. तेव्हा डॉक्टरांनी साधा अर्थ काढला. हिनं ओळखीच्या बाईसाठी म्हाताऱ्याचं नाव पुसलं. त्यांनी तिला त्याच दिवशी घरी पाठवलं. दोन दिवसांत गल्लीत झालं, वशिल्यापायी म्हाताऱ्याला मारत होती. तिचा नवरा सुरतला कामाला, घरात सासू आणि लहान मुलगी. मुलीला शाळेच्या रिक्षात बाकीची पोरं 'डायलिसिसवाली' म्हणून चिडवायला लागली, हे मला नंतर कळलं.

डॉक्टरांनी आम्हाला विचारलं ते केवळ विचारायचं म्हणून. किशोरभाऊंनी आम्हाला दोघांना समोर उभं केलं. "नाना, आपल्याकडून काही?"

"एक माणूस शंभर वेळा दाबू दे, काही होत नाही," नाना म्हणाले.

"अक्का?"

"वहीत काही नाही," मी म्हणाले. ते खरंच होतं.

जेवणाच्या सुट्टीत नाना डबा उघडून नुसते बसले होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं. दोन फोन, दोन नावं, एक खुर्ची, एकदा. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारत विचारत सगळं काढून घेतलं. किती वाजले होते? मागे दुसरं काय चालू होतं? कॉम्प्युटर हळू चालत होता का? मी म्हटलं, हो, त्या वेळी पोरं इंटरनेटवरून काहीतरी मोठं उतरवून घेत होती. डब्याचं झाकण लावून ते उठले आणि धुळ्याच्या कॉम्प्युटरला जोडून बसले. दहा मिनिटं गेली नसतील.

"अक्का, ही मन्ही चूक शे."

मी त्यांच्या मागे उभी राहिले. त्यांनी दोन ओळींवर बोट ठेवलं. वरची ओळ विचारते, खुर्ची रिकामी आहे का? खालची ओळ नाव लिहिते. दोन्हींच्या मध्ये पापणी लवेल एवढी फट. त्या फटीत दुसऱ्या माणसाचा थ्रेड येऊन विचारतो, रिकामी आहे का? तर अजून रिकामीच. दोघांनाही हो. दोघांचीही नावं एकावर एक. कॉम्प्युटर दमलेला असला की फट रुंदावते.

"मी एका माणसामागे एक वाढपी ठेवला," ते म्हणाले. "एका पाटावर दोन माणसं आली तर काय, ते ठरवलंच नाही. घाईवालाच बघत बसलो आयुष्यभर. कुलूप माणसाला लावलं. खुर्चीला लावायला पाहिजे होतं."

आणि हे बोलता बोलता त्यांचे हात चालूच होते. पाच-सात ओळी लिहिल्या, एक कळ दाबली, आणि धुळ्यात चालू असलेल्या प्रोग्रॅममध्ये खुर्चीचं कुलूप बसलं. चाक बदललं. मग ते एकदम थांबले, हात मांडीवर ठेवले.

"काय झालं?"

"आता डॉक्टरांना काय दाखवू? दोष तर मी काढून टाकला."

हा त्यांचाच स्वभाव. मोडलेलं दिसलं की आधी दुरुस्त करायचं, बाकी नंतर. दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्याला आधी बंद करावं लागलं असतं, विचारावं लागलं असतं. यांना नुसती एक कळ.

किशोरभाऊंना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "झालं ना दुरुस्त? मग मिटलं."

"मशीनचं मिटलं. त्या पोरीचं कुठे मिटलं?"

"नाना, डॉक्टर म्हणतायत का आपली चूक? नाही. कोणी विचारलंय का? नाही. इथे सहा घरं चालतात. तिला दुसरीकडे लागेल काम."

"चोर म्हणून घरी पाठवलेल्या बाईला दवाखान्यात काम लागतं का भाऊ?"

किशोरभाऊ काही दुष्ट माणूस नव्हते. ते आजारपणात आमच्या घरी डबे पोचवणारे गृहस्थ. पण त्या दिवशी ते म्हणाले, "मी तुम्हाला धुळ्याला सांगायला जाऊ देणार नाही," आणि नाना "बरं" म्हणाले. नानांचं 'बरं' म्हणजे होकार नसे, हे किशोरभाऊंना माहीत नव्हतं. मला होतं. शनिवारी त्यांनी मला विचारलं, "अक्का, उद्या दोन फोन घेऊन धुळ्याला येता? एकट्याला दोन अंगठे पुरायचे नाहीत."

सकाळच्या एसटीनं निघालो. डॉक्टरांना त्यांनी परस्पर फोन केला होता, वैशालीलाही बोलवा असं सांगितलं होतं. रविवारी सेंटर बंद असतं. डॉक्टर घड्याळ बघत होते. वैशाली दाराशी उभी होती, आत यायला तयार नाही. तिशीची असेल. "मला कशाला बोलावलं? झालं तेवढं पुरे नाही का?" असं ती डॉक्टरांना नाही, मला म्हणाली.

नानांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं, दोन ओळी आणि मधली फट. मग म्हणाले, "मी दुरुस्त केलंय. आता तुमच्यासमोर ते जुनं परत बसवतो. तुम्ही स्वतः बघा." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं दोष परत घातला. बरं केलेलं मुद्दाम बिघडवताना त्यांचे हात मला पहिल्यांदाच अडखळताना दिसले.

मी फोन घेतला, नानांनी दुसरा. एक, दोन, तीन. माझ्याकडे 'नोंद झाली', त्यांच्याकडे 'खुर्ची रिकामी नाही'. पुन्हा. पुन्हा. पंचवीस वेळा तेच. डॉक्टर म्हणाले, "पाटील, तुमचा प्रोग्रॅम उत्तम चाललाय."

"या दोन ओळींच्या मध्ये मी प्रोग्रॅम दोन सेकंद थांबवतो, म्हणजे लगेच दिसेल."

"मुद्दाम थांबवलंत तर तुम्हाला काहीही दाखवता येईल. हिला वाचवायला आलात का तुम्ही?"

मी वैशालीकडे बघितलं. ती केव्हातरी दारातून दोन पावलं आत आली होती.

"नाना," ती म्हणाली, "सातला असं नही ऱ्हास. सातला ते गोल फिरत ऱ्हास. आठी मशीनना पडदा चालू, बठ्ठास्ना मोबाइल चालू."

सातला सगळ्यांचे मोबाइल एकदम चालू असतात, हे नाना पहिल्यांदाच ऐकत होते. "मंग हाई आधी काब्र नही सांगं?"

"माले कोणी इचारं?"

मग डॉक्टरांनीच आठही मशीनजवळचे पडदे सुरू केले. वॉचमन, झाडणारी बाई, डॉक्टर, सगळ्यांच्या मोबाइलवर यादी उघडली. काउंटरखालचा कॉम्प्युटर घरघरायला लागला. पडद्यावर ते 'थांबा' सांगणारं गोल चिन्ह फिरायला लागलं. "बठ्ठा येकदम!" नाना ओरडले. "ताजी करत ऱ्हा यादी, थांबू नका!" वैशाली काउंटरवर तिच्या जागी बसली, मी फोन घेतला. सहा नंबर. एक, दोन, तीन.

गोल फिरलं, फिरलं, आणि माझ्या फोनवर आलं, 'नोंद झाली.' वैशालीच्या पडद्यावरही आलं, 'नोंद झाली.' डॉक्टरांनी यादी बघितली. सहा नंबरसमोर एकच नाव होतं, वैशालीनं घातलेलं. माझं नव्हतं. ते म्हणाले, "पुन्हा." पुढच्या दहा वेळांत ते तीनदा घडलं.

डॉक्टर बाकावर बसले. ज्यावर म्हातारा बसला होता त्याच बाकावर, पण ते त्यांच्या लक्षात असेल असं वाटत नाही. मग म्हणाले, "वैशाली, उद्यापासून ये."

"येईन का नाही ते बघते. आधी लिहून द्या. मराठीत. सासूला वाचता आलं पाहिजे."

"ते या लोकांनी लिहून द्यायचं," डॉक्टर म्हणाले.

नाना खाली मान घालून लिहायला बसले. मी शेजारी होते. हाताने, कोऱ्या कागदावर, मोठ्या अक्षरात. प्रोग्रॅम मी लिहिला. एकाच वेळी दोघांनी खुर्ची मागितल्यास दोघांना होकार जाण्याचा दोष त्यात होता. चूक माझी आहे. वैशालीताईंनी कोणाचेही नाव पुसले नाही. इथपर्यंत आले आणि थांबले. मग लिहिलं, 'चाचणीत हा दोष दिसला नव्हता.' मी ते वाचलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खाली सही केली, 'सुपडू पाटील'. सही करायच्या आधी मला बोलायला वेळ होता. पुरेसा होता.

परतीच्या एसटीत एरंडोलच्या पुढे ते आपणहून म्हणाले, "तुमचं नाव घातलं असतं तर दोघंही घरी बसलो असतो. मग ऑफिसात दोन फोन घेऊन बसणारं कोणी उरलं नसतं." मी म्हटलं, "खोटं लिहिलंत, नाना." ते म्हणाले, "हो. एक ओळ." मग खिडकीकडे तोंड करून बसले. महामार्गाचं काम चालू होतं, धूळ आत येत होती, तरी त्यांनी काच लावली नाही.

किशोरभाऊंना सोमवारीच कळलं. ओरडले नाहीत. "मला आधी सांगायचं होतं, नाना."

"सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा नाही म्हणाला असतात. मग दोनदा तुमचा शब्द मोडावा लागला असता."

महिन्याभरात सेंटरनं आमचा प्रोग्रॅम काढून टाकला, आणि नानांनाही जावं लागलं. जाण्यापूर्वी त्यांनी आमच्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये खुर्चीची कुलपं बसवली. शीतगृहात खुर्च्या नसतात, तिथे कप्प्यांना. त्यानंतर मी एकही प्रोग्रॅम एका फोनवर तपासून सोडलेला नाही, आणि एकदा दिसलेलं एकदा म्हणून लिहिते. हे मी त्यांच्याकडून शिकले असं म्हणायला मला संकोच वाटतो, कारण शिकण्याची किंमत त्यांनी आणि वैशालीनं भरली. नाना धुळ्याजवळच्या एका कॉलेजात तासांवर शिकवायला लागले. आम्हाला त्यांचे कंस उलगडेनात म्हणून आम्ही फोन करायचो, ते सांगायचे. किशोरभाऊंनी केला तरी सांगायचे. माझी चौकशी करायचे, पण त्या रविवारचा विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि मीही नाही.

दीड वर्षानं ते वर्गातच फळ्यापाशी बसले आणि उठले नाहीत. छपन्न वर्षांचे होते.

गंधमुक्तीला, म्हणजे उत्तरकार्याला, मी त्यांच्या गावी गेले. मांडवात पंगत चालू होती. वैशाली मला पाहून पंगतीतून उठून आली. ती सेंटरला परत गेलीच नव्हती, एका दातांच्या दवाखान्यात लागली होती. ते पत्र दाखवूनच लागली, म्हणाली. सासूनं ते गल्लीत चार घरी वाचून दाखवलं होतं. थोडा वेळ ती नानांबद्दल बोलली. मग म्हणाली, "मॅडम, तुमचं काम टेस्टिंगचं ना? त्या दिवशी फोन तुमच्याच हातात होता."

"हो."

"मग आधी तुम्हाला खरंच नव्हतं दिसलं?"

चहा घेऊन एक बाई आमच्यापाशी आली. मी नको म्हटलं, ती पुढे गेली.

"दिसलं होतं," मी म्हणाले. "एकदा. मी लिहिलं नाही."

"नानांना माहीत होतं?"

"मीच सांगितलं होतं. पत्र लिहिण्यापूर्वी."

तिनं पंगतीकडे पाहिलं. वाढपी बुंदी घेऊन फिरत होते. "म्हणजे माझ्या पत्रात एक ओळ खोटी आहे."

"आहे."

"ते पत्र मी माझ्या मुलीला मोठी झाल्यावर देणार आहे," ती म्हणाली. "त्यात खोटं नको. तुम्ही लिहून द्या, वेगळं."

मी पर्समधून डायरी काढली, एक पान फाडलं, मांडीवर धरून चार ओळी लिहिल्या आणि नाव घालून सही केली. तिनं उभ्या उभ्याच वाचलं आणि कागद परत माझ्या हातात दिला.

"तारीख राहिली."

"कुठली घालू? तेव्हाची?"

"आजची," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही लिहिलं नव्हतं."